विद्यार्थी सवलतीतली विंडोज सहा महिन्यांत बंद पडली, आणि विक्रेता म्हणतो 'तुम्हीच अडकाल'

प्रश्न : मी साताऱ्यात घरूनच डीटीपीची कामं करते, श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर. त्याचा डोंगल (लॅपटॉपला लावायची छोटी किल्ली) लावल्याशिवाय ते चालत नाही. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, पतसंस्थांचे अहवाल. मुलगी पॉलिटेक्निकला आहे, वय १७. लॅपटॉप एकच : दिवसा तिचा अभ्यास, रात्री माझं काम. २०२१ मध्ये घेतला तेव्हा त्यात विंडोज १० होम होती. तिचे अपडेट बंद होणार असं कळल्यावर गेल्या जूनमध्ये एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावरून 'स्टुडंट ऑफर, विंडोज ११ एज्युकेशन अपग्रेड, लाइफटाइम' असं १,४९९ रुपयांना घेतलं. विक्रेत्यानं मुलीच्या आयकार्डाचा फोटो मागवला, वर ३०० रुपये घेतले आणि त्याच्या माणसानं दूरवरून लॅपटॉपचा ताबा घेऊन सगळं बसवून दिलं. डिसेंबरात स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी पुसट अक्षरं आली ती जातच नाहीत. विक्रेता म्हणतो, 'सवलतीचा माल परत घेत नाही. शिवाय विद्यार्थ्याच्या विंडोजवर तुम्ही धंदा करता. तक्रार केलीत तर तुम्हीच अडकाल.' गल्लीतला दुरुस्तीवाला ३०० रुपयांत कायमची ॲक्टिव्हेट करून देतो म्हणतोय. देऊ का? मुलगी तर कॉलेजातून काढतील म्हणून रडकुंडीला आली आहे.

उत्तर : ताई, दुरुस्तीवाल्याला लॅपटॉप देऊ नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण एवढं आज पाळा. आजच्या घडीला कायदा तुमच्या बाजूनं आहे. त्या ३०० रुपयांनी तो तुमच्या विरोधात जाईल.

असं का, ते सांगते. बेकायदा प्रत वापरण्याबद्दलची शिक्षा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ बी मध्ये आहे. किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड. आकडे वाचून छातीत धस्स होतं, पण त्या कलमाचा सगळा भार एका शब्दावर आहे : 'जाणूनबुजून'. जूनमध्ये तुम्ही उघड्या बाजारात, जाहिरात वाचून, पैसे मोजून, मुलीचं खरं आयकार्ड दाखवून वस्तू घेतलीत. मुलगी खरोखर विद्यार्थिनी आहे. कुणापासून काही लपवलेलं नाही. यात 'जाणूनबुजून' कुठे आलं? आता मात्र तुम्हाला शंका आलेली आहे, तुम्ही मला तसं लिहिलंही आहे. इथून पुढे कुणाकडून तरी ॲक्टिव्हेशनचं कुलूप तोडून घेतलंत, तर 'मला माहीत नव्हतं' हे वाक्य तुमच्या तोंडी राहणार नाही. प्रत वापरता यावी म्हणून संरक्षणाचं कुलूप मोडणं हा त्याच कायद्याच्या कलम ६५ ए खाली वेगळा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैदेचा. आणि ६३ बी मध्ये जी सवलत आहे, म्हणजे धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, ती तुमच्या पत्रिकांच्या कामामुळे तुम्हाला मिळणं अवघड. म्हणून एवढ्या कळकळीनं सांगते आहे.

तुमच्या पत्रात श्रीलिपीच्या डोंगलचा उल्लेख आहे, तो मला फार उपयोगी वाटला. डोंगल काढला की काम थांबतं, हे तुम्ही इतकी वर्षं पाहता आहात. सॉफ्टवेअर विकत घेणं म्हणजे काय, ते त्या डोंगलमध्ये दिसतं. तुम्ही वापरण्याची परवानगी घेता. विंडोजचंही तेच, फक्त डोंगल डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा १,४९९ ला स्वस्त पडलं की महाग, हा प्रश्न बाजूला ठेवा. ही परवानगी विकायचा त्या विक्रेत्याला अधिकार होता का, हे विचारायचं.

नसावा, असा माझा अंदाज आहे आणि त्याचं कारण तुमच्या तारखांमध्येच आहे. जून ते डिसेंबर. विद्यापीठं, कंपन्या यांना शेकडो संगणकांसाठी एक सामाईक व्यवस्था मिळते. त्यांचे संगणक संस्थेच्या सर्व्हरशी अधूनमधून संपर्क करून हजेरी लावतात, आणि १८० दिवसांत हजेरी लागली नाही तर ॲक्टिव्हेशन गळून पडतं. एज्युकेशन ही आवृत्ती मुळात संस्थांमार्फतच मिळते. कुठल्या तरी संस्थेची किल्ली (ॲक्टिव्हेशनचा क्रमांक) तुमच्या लॅपटॉपला लावून 'लाइफटाइम' म्हणून विकली असेल, तर सहाव्या महिन्यात नेमकं हेच होणार. खात्री करायची तर स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजीत एसएलएमजीआर, एक जागा, तिरकी रेघ, डीएलआय (slmgr /dli) असं टाइप करून एंटर दाबा. एक लहानशी चौकट येईल. तिच्यात 'रिटेल' ऐवजी 'व्हॉल्यूम' हा शब्द दिसला, तर त्या चौकटीचा फोनवरून फोटो काढा, लॅपटॉपचा अनुक्रमांकही दिसेल असा आणखी एक काढा. तुमच्या तक्रारीतला सगळ्यात वजनदार कागद तोच.

विद्यार्थ्यांना सवलत देणं यात काही गैर नाही. २००९ मध्ये विंडोज ७ आली तेव्हा अमेरिकेत विद्यार्थ्यांना ती ३० डॉलरला अपग्रेड म्हणून मिळत होती, कॉलेजचा ईमेल दाखवून. आजही काही कॉलेजं त्यांच्या वर्गणीतून विद्यार्थ्यांना अशी किल्ली देतात, तीही फुकट. मुलीनं आपल्या संगणक विभागात विचारावं. मात्र अशा किल्लीवर अभ्यासापुरताच वापर अशी अट असते. तुमच्या पत्रिका त्यावर करायच्या नाहीत. ऑफिसच्या जुन्या 'होम अँड स्टुडंट' आवृत्तीवरही धंद्याला मनाई होती, आपल्याकडे ते कुणी वाचत नाही.

मग विक्रेत्याचं म्हणणं खरं का? धंद्यासाठी वापर केला म्हणून तुमचा तक्रारीचा हक्क गेला का? नाही. ही धमकी मी वेगवेगळ्या रूपांत पुष्कळदा ऐकली आहे आणि दर वेळी ती ऐकून गप्प बसलेली माणसं पाहिली आहेत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये धंद्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानलेलं नाही, हे बरोबर. पण त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटलं आहे की स्वयंरोजगारातून, केवळ आपल्या उपजीविकेसाठी जो स्वतः ती वस्तू वापरतो, तो ग्राहकच. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये हे समजावताना उदाहरण कशाचं दिलं असेल? टाइपरायटरचं. दुसऱ्यांची टायपिंगची कामं पैसे घेऊन करणारा माणूस स्वतः त्या यंत्रावर बसत असेल, तर तो ग्राहक राहतो. तुमच्या आमच्या घरात त्या टाइपरायटरच्या जागी आता लॅपटॉप आहे, एवढाच फरक. म्हणून तक्रारीत डीटीपीचं काम लपवू नका. 'मी स्वतः, नोकर न ठेवता, पोटापाण्यासाठी हे काम करते' असं सरळ लिहा. लपवलंत आणि ते उलटतपासणीत बाहेर आलं, तर खरी गोष्टही खोटी वाटू लागते.

मुलीचाही हक्क आहे. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणारा हाही ग्राहक, आणि अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या, मुलाच्या वतीनं पालक तक्रार करू शकतात. तिनं 'मान्य आहे' वर टिचकी मारली म्हणून ती कुठल्या करारात अडकली, असंही कुणी म्हणू शकत नाही. अज्ञान व्यक्तीनं केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलनं (ब्रिटिश काळातलं सर्वोच्च अपील न्यायालय) मोहोरीबीबीच्या खटल्यात १९०३ सालीच ठरवलं आहे.

'सवलतीचा माल परत नाही' ही पाटी दुकानाच्या भिंतीवर शोभते, कायद्यात ती टिकत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू सदोष किंवा बनावट असेल, किंवा जाहिरातीप्रमाणे नसेल, तर विक्रेत्याला परतावा नाकारता येत नाही. सूट किमतीवर दिली होती, खरेपणावर नाही. याच नियमांनी संकेतस्थळावरही जबाबदारी टाकली आहे. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. विक्रेत्याचा पत्ता तुम्ही लेखी मागितलात तर त्यांना तो द्यावा लागतो. 'आम्ही फक्त बाजार भरवतो' असं उत्तर आलं तर हाच नियम दाखवा.

ईमेल लांबलचक नको. साधारण असं लिहा : 'अमुक तारखेला अमुक ऑर्डर क्रमांकानं घेतलेली विंडोज आजीवन असल्याचं जाहिरातीत म्हटलं होतं. ती सुमारे १८० दिवसांत बंद पडली. सोबतच्या छायाचित्रानुसार ही किल्ली संस्थात्मक वापराची आहे. १,७९९ रुपये परत करावेत, विक्रेत्याचं नाव व पत्ता कळवावा आणि माझ्या मुलीच्या ओळखपत्राचं छायाचित्र नष्ट केल्याचं लेखी द्यावं.' जाहिरातीचं पान अजून दिसत असेल तर आधी त्याचे स्क्रीनशॉट घ्या. अशी पानं तक्रार गेल्यावर चटकन नाहीशी होतात. व्हॉट्सॲपवरची बोलणी पुसू नका, फोन बदलू नका.

महिन्यात काही झालं नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. त्यातूनही नाही भागलं तर साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, तुम्ही राहता तिथे तक्रार दाखल करता येते, ऑनलाइनही करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. १,७९९ रुपयांसाठी तारखा कोण करणार, असं तुमच्या मनात येईल. माझ्या अनुभवात बहुतेक प्रकरणं नियमांचा उल्लेख असलेल्या ईमेलवरच मिटतात. पण ऐन लगीनसराईत काम थांबून ऑर्डर गेल्या असतील, तर त्यांचे कागद जपून ठेवा. आयोग परताव्याबरोबर नुकसानभरपाईही देऊ शकतो.

आता लॅपटॉपचं. तुमची पहिली, कायदेशीर परवानगी मेलेली नाही. लॅपटॉपबरोबर आलेली विंडोज होम त्या यंत्राशीच जोडलेली असते, आणि होमवर धंद्याला मनाई नाही. नव्यानं होम बसवली की ती बहुधा आपोआप ॲक्टिव्हेट होईल. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, त्यामुळे थेट ११ होम बसवा. यंत्र पात्र असेल तर दहावरून अकरावर जाणं फुकट आहे. म्हणजे ज्यासाठी तुम्ही १,४९९ मोजलेत, ते तुम्हाला बहुधा पैसे न देता मिळणार होतं. हेही ईमेलमध्ये लिहा.

एज्युकेशनवरून होमवर येताना सगळं पुसून नव्यानं बसवावं लागतं. आधी वरचे फोटो काढून घ्या, मग पत्रिकांच्या फाइली, फाँट आणि मुलीचे प्रकल्प बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पुसणं तसंही गरजेचं आहे. एका अनोळखी माणसानं तासभर तुमचा लॅपटॉप हाताळला, मागे काय ठेवून गेला ते आपल्याला दिसत नाही. तोवर त्यावरून बँकेचे व्यवहार करू नका, आणि बँकेचा व ईमेलचा पासवर्ड आजच दुसऱ्या यंत्रावरून बदला.

राहिली मुलगी. कॉलेजचा या व्यवहाराशी संबंधच नाही. तिनं कॉलेजची किल्ली कुणाला विकलेली नाही, खोटं आयकार्ड दाखवलेलं नाही. तिच्यावर कारवाई करायला कॉलेजकडे कारणच नाही. तिला हे उत्तर वाचायला द्या, आणि एसएलएमजीआरची ती ओळ तिलाच टाइप करू द्या.