सहायक मानसशास्त्रज्ञ व्हायला वडिलांचं घर तारण ठेवायचं का?

प्रश्न: मी नाशिकची, वय २५. पुण्यातून मानसशास्त्रात एम.ए. केलं. सध्या एका शाळेत समुपदेशक आहे, पगार २४ हजार. इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात या सप्टेंबरपासून एक वर्षाच्या एमएससीला प्रवेश मिळालाय. पुढे एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, असिस्टंट सायकॉलॉजिस्ट (सहायक मानसशास्त्रज्ञ) म्हणून लागायचं आणि तिथेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं, असा विचार आहे. खर्च ३८ लाख धरलाय: फी २४, राहणं-खाणं साडेबारा, तिकीट वगैरे दीड. बँकेने आमच्या फ्लॅटच्या तारणावर ३० लाख मंजूर केलेत, व्याज १० टक्के, मुदत १० वर्षं, हप्ता कोर्स संपल्यावर सहा महिन्यांनी सुरू. बाकीचे ८ लाख बाबांच्या १४ लाखांच्या एफडीतून. बाबा जिल्हा परिषदेत आहेत, २०२८ ला निवृत्त होतील, पेन्शन साधारण ३८ हजार बसेल. धाकटा भाऊ बारावीत आहे. बाबा म्हणतात जा, आई गप्प आहे. काय करू?

उत्तर: या सप्टेंबरला, या कर्जावर जाऊ नका, असं माझं मत आहे. हेतूबद्दल शंका नाही. पण कर्ज ज्या नोकरीच्या भरवशावर काढताय ती नोकरी म्हणजे मुक्काम नाही, मधली पायरी आहे, आणि तिच्या वरची पायरी तुमच्यासाठी जवळपास बंद आहे. फीच्या आकड्यापेक्षा हे महत्त्वाचं.

आधी खर्च नीट मांडू. पौंड ११८ रुपये धरलाय. २०,५०० पौंड फी म्हणजे २४ लाख, हे बरोबर. राहण्याचे साडेबारा लाख मात्र नऊ महिन्यांचे दिसतात. व्हिसासाठी लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे खात्यात दाखवावे लागतात, तोच आकडा तुम्ही उचलला असावा. कोर्स बारा महिन्यांचा आहे आणि पोट शेवटचे तीन महिनेही भुकेलं असतं. ते चार लाख, शिवाय व्हिसा आणि आरोग्य अधिभाराचे सतराशे पौंडांच्या आसपास, म्हणजे दोन लाख. झाले ४४ लाख. कर्ज ३० आणि एफडी १४. म्हणजे एफडी सगळी गेली आणि भावाच्या इंजिनिअरिंगच्या किंवा कशाच्याही पहिल्या फीसाठी घरात शिल्लक शून्य.

कोर्सनंतर तिथे थांबायला ग्रॅज्युएट रूटचा व्हिसा लागतो. तो दोन वर्षांचा होता, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना १८ महिनेच मिळणार. तुमचा कोर्स २०२७ च्या सप्टेंबरात संपतो, त्यामुळे १८ महिनेच धरा. त्याचं शुल्क आणि अधिभार मिळून अडीच हजार पौंडांच्या घरात, म्हणजे आणखी सुमारे तीन लाख. ते कुठून येणार, हे तुमच्या हिशोबात नाही.

आता नोकरी लागली असं धरून चालू. एनएचएसमध्ये पगाराच्या श्रेणीला बँड म्हणतात. ही पदं बहुतेक बँड ४ ची असतात, काही बँड ५ ची. इंग्लंडच्या २०२५-२६ च्या पगारपत्रकात बँड ४ ची सुरुवात वर्षाला २७,४८५ पौंड. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनची वर्गणी कापून हातात महिना १,८०० च्या आसपास. एका खोलीचं भाडं, खाणं, बस, फोन धरून छोट्या शहरात काटकसरीने साडेअकराशे जातील. कर्जावर कोर्सच्या काळातलं व्याज चढून ते ३४ लाखांच्या आसपास जाईल, हप्ता ४५ हजार, म्हणजे ३८० पौंड. उरतात अडीचशे पौंड. चैन नाही, पण भागतं.

नोकरी मिळाली तर. या जागांची जाहिरात आली की शेकड्यांनी अर्ज पडतात आणि दिलेल्या तारखेच्या कितीतरी आधी, कधी काही तासांतच, ती बंद होते. तिथेच शिकलेली, मानसशास्त्राची पदवी घेऊन दोन-तीन वर्षं केअर होममध्ये किंवा वॉर्डात सपोर्ट वर्कर म्हणून राबलेली मुलं याच रांगेत असतात. बऱ्याच जागा वर्षभराच्या कराराच्या. काही ‘ऑनररी’ म्हणजे बिनपगारी, त्या तर हिशोबात धरूच नका. अठरा महिन्यांतले सहा जागा शोधण्यात गेले, तर उरलेल्या वर्षभराच्या पगारातून दहा वर्षांचं कर्ज फिटत नाही. त्यानंतर राहायचं तर मालकाने स्पॉन्सर करायला हवं. वर्षभराच्या कराराच्या बँड ४ च्या पदाला स्पॉन्सरशिप मिळेल, हे गृहीत धरून मी तरी कुणाला घर तारण ठेवायला सांगणार नाही.

वरच्या पायरीचं सांगतो. तिथली मुलं कमी पगाराच्या सहायक पदासाठी जीव का टाकतात? कारण त्या अनुभवावर त्यांना तीन वर्षांच्या क्लिनिकल डॉक्टरेटला अर्ज करायचा असतो. इंग्लंडमध्ये तिची फी एनएचएस भरते, वर शिकता शिकता बँड ६ चा पगार देते, २०२५-२६ मध्ये ३८,६८२ पौंडांपासून. नंतर सुरुवातच बँड ७ ला, ४७,८१० वर. त्या मुलांसाठी सहायक पदाची तंगी म्हणजे पुढच्या पगाराची गुंतवणूक आहे. पण या सरकारी पैशाच्या जागा प्रामुख्याने तिथल्या स्थायी रहिवाशांसाठी असतात. परदेशी विद्यार्थ्यांना मोजकीच विद्यापीठं घेतात, तीही स्वखर्चाने, परदेशी दराच्या फीवर. स्टुडंट आणि ग्रॅज्युएट व्हिसावर काढलेली अडीच-तीन वर्षं तुम्हाला स्थायी रहिवासी बनवत नाहीत. म्हणजे तीच नोकरी, तोच पगार, पण त्यांचा जिना वर जातो आणि तुमचा गच्चीच्या कुलपापाशी थांबतो.

परत यावं लागलं तर? हप्ता मार्च २०२८ च्या सुमारास सुरू होतो, बाबा त्याच वर्षी निवृत्त होतात. हप्ता ४५ हजार, पेन्शन ३८ हजार, तुमचा इथला पगार समजा ३० झाला. बेरीज ६८, हप्ता गेल्यावर चौघांच्या घराला २३ हजार, त्यातच भावाचं कॉलेज. आई गप्प आहेत म्हणता. मला वाटतं त्यांनी ही वजाबाकी मनात केली असावी. बाबांना हा परिच्छेद वाचून दाखवा. निवृत्तीच्या तोंडावर राहतं घर गहाण पडणं हा माझ्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा आहे, अगदी व्हिसाच्या वर.

कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं वजावट मिळते, हे बँकेतल्या साहेबांनी सांगितलंच असेल. ती जुन्या करप्रणालीतच मिळते, आणि तुमचं उत्पन्न इंग्लंडात असेल तर तुम्हाला तिचा काडीचा उपयोग नाही.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, म्हणून विचारतो: ही एमएससी नेमकी कसली? ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता आहे का? सहायक पदाच्या जाहिरातींत या सोसायटीच्या ‘ग्रॅज्युएट बेसिस’ची, म्हणजे जीबीसीची (तुमची पदवी सोसायटीच्या सदस्यत्वाच्या पात्रतेची आहे, या मान्यतेची) अट बहुतेकदा असते. ती देणाऱ्या कन्व्हर्जन एमएससी वेगळ्या. नावात ‘क्लिनिकल सायकॉलॉजी’ असलेल्या एक वर्षाच्या एमएससी पुष्कळ आहेत, पण त्या करून तिथे कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होत नाही. ते पदनाम कायद्याने राखीव आहे आणि त्यासाठी एचसीपीसीची, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यवसायांच्या नियामक संस्थेची, नोंदणी लागते. एजंट लोक या फरकावरून अलगद पुढे सरकतात. सोसायटी परदेशी पदव्याही तपासते. तुमच्या बी.ए. आणि एम.ए. च्या गुणपत्रिका, अभ्यासक्रम पाठवून आधी तो निकाल मागवा. जीबीसी आहे त्या पदव्यांवरच मिळाली, तर २४ लाखांची फी नेमकी कशासाठी, हा प्रश्न उरतो. मग तुम्ही व्हिसा विकत घेताय, पदवी नाही.

मी काय करेन? भारतात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तुमच्या एम.ए. वर तीच पुढची पायरी आहे. आजवर त्यासाठी बहुधा केल्या जाणाऱ्या, या क्षेत्रातल्या एम.फिल. ला यूजीसीने २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली होती, त्यामुळे जुन्या सिनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका. आरसीआयच्या संकेतस्थळावर त्या संस्थेचं, त्या कोर्सचं, त्याच वर्षाच्या मान्यतेचं नाव स्वतः बघा. जागा थोड्या, प्रवेश परीक्षा कठीण, पण खर्च घर तारण न ठेवता झेपणारा. नोंदणी आणि काही वर्षांचा रुग्णालयातला अनुभव घेऊन पुढे एचसीपीसीकडे थेट अर्ज करता येतो. ते प्रत्येक अर्ज वेगळा तपासतात, होकार गृहीत नाही. पण जमलं तर तुम्ही बँड ७ च्या दारात उभ्या असाल, आणि कर्ज नसेल.

इंग्लंडलाच शिकायचं हे मनाने पक्कं घेतलं असेल, तर माझी मर्यादा अशी: इथे परत येऊन स्वतःच्या पगारातून फेडता येईल एवढंच कर्ज, म्हणजे हप्ता १२ हजारांच्या आत, साधारण ९ लाख, तेही घराशिवाय. बाबांच्या एफडीतून ५ लाखांच्या वर हात नको. बाकी शिष्यवृत्ती. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती पूर्ण खर्च देते, पण साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षांसाठी मायदेशी परतायची अट घालते, म्हणजे तुमच्या सहायक पदाच्या बेताशी जुळत नाही. अनुसूचित जातीत असाल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती बघा.

डिपॉझिट अजून भरलं नसेल तर आज भरू नका. विद्यापीठाला ईमेल करून प्रवेश सप्टेंबर २०२७ पर्यंत पुढे ढकलता येतो का विचारा. व्हिसाच्या १८ महिन्यांत त्याने काही फरक पडत नाही. भरलं असेल तर परताव्याच्या अटी ऑफर लेटरसोबतच्या पीडीएफमध्ये असतात. त्या वाचा आणि एजंटकडून नाही, विद्यापीठाच्या प्रवेश विभागाकडून लेखी उत्तर घ्या. बँकेचं मंजुरीपत्र आलं म्हणून कर्ज उचललंच पाहिजे असं नाही. फक्त फ्लॅटची मूळ कागदपत्रं बँकेत जमा झाली असतील, तर ती आधी परत मागा.