अमेरिकेतली मुलं हिंसक होतात ती गेम-सिनेमांमुळे की बंदुकांमुळे?

प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. टेक्सासमध्ये मी मुलगा वाढवलाय, आणि याच विषयावरून आमच्या घरात वाजलेलं आहे.

मुलगा अकरा वर्षांचा होता. मित्राकडे रात्री राहायला जायचं होतं. मी त्या मित्राच्या आईला फोन करून विचारलं, घरात बंदूक आहे का, आणि असली तर कुलपात असते का? माझे धाकटे दीर तेव्हा आमच्याकडे आले होते. फोन ठेवला तशी म्हणाले, "वहिनी, असं कुणी विचारतं का लोकांना? त्यापेक्षा त्याचा तो गोळ्या झाडायचा गेम काढून घ्या."

ती बाई मात्र जराही रागावली नाही. मुलाला सोडायला गेले तर मला आत घेऊन गेली आणि पलंगाशेजारचा खण ओढला. चष्मा, खोकल्याच्या गोळ्या, चार्जरची वायर आणि वर पिस्तूल. भरलेलं. खणाला कुलूप नाही, आणि उंची माझ्या मुलाच्या कमरेएवढी. तिने ते माझ्यासमोर तिजोरीत ठेवलं. तो उघडा खण मला अजून दिसतो.

गेम जपानमधली मुलंही खेळतात. तिथे कुणाच्या उशाशी पिस्तूल नसतं, एवढाच फरक. मुलांना हिंसक गेम विकायला बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केला. गेममुळे मुलं आक्रमक होतात हे न्यायालयापुढे मांडलेल्या अभ्यासांतून सिद्ध होत नाही, असं निकालातच म्हटलंय. आणि २०२० मध्ये १ ते १९ वयाच्या मुलांच्या मृत्यूंच्या कारणांत बंदुकीने वाहन अपघातांनाही मागे टाकलं. मिशिगनमधल्या ऑक्सफर्डच्या शाळेत २०२१ मध्ये पंधरा वर्षांच्या मुलाने चार विद्यार्थी मारले, ते बापाने चारच दिवसांपूर्वी आणलेल्या पिस्तुलाने. २०२४ मध्ये आईबाप दोघांनाही १० ते १५ वर्षांची शिक्षा झाली. योग्यच झालं.

माध्यमांचा दोष नाही असं मी म्हणत नाही. १९९९ मध्ये कोलोरॅडोतल्या कोलंबाइन शाळेत दोन मुलांनी गोळीबार केला, त्यानंतर त्यांचे चेहरे इतके दाखवले की पुढच्या कितीतरी हल्लेखोरांनी त्यांचाच कित्ता गिरवला. मारेकऱ्याचा फोटो दाखवूच नये. शिवाय शाळेतले गोळीबार हा बंदुकीने होणाऱ्या मुलांच्या मृत्यूंचा छोटा भाग आहे. रस्त्यावरच्या हत्या आणि आत्महत्या कितीतरी जास्त. पण उदास पोराच्या हाताशी भरलेलं पिस्तूल असणं हे तिथेही आलंच.

तुमची मुलं लहान असतील तर विचारा. समोरच्याला राग आला तर येऊ दे.

दीर आता इथेच राहतात. मागच्या महिन्यात त्यांची मुलगी मैत्रिणीकडे राहायला गेली. त्यांनी तिचा टॅब्लेट काढून घेतला, फोन काही केला नाही. धाकट्या जावेकडून नंबर घेऊन मीच केला.