सही करायच्या आधी हे वाचा

प्रश्न : माझे मिस्टर महापालिकेच्या बससेवेत परमनंट ड्रायव्हर आहेत. शुगरमुळे पायाची जखम चिघळली, गँगरीन झालं आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. सगळ्या रजा संपल्या, आता बिनपगारी चालू आहे. डेपोतून सारखे फोन येतात की गाडी तर चालवता येणार नाही, मेडिकल अनफिट म्हणून स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्या, नंतर तुमच्या मुलाचं बघू. अर्ज त्यांनीच टाइप करून पाठवलाय, फक्त सही बाकी आहे. सही करावी का? आणि अपंगांची काही पेन्शन मिळते का?

उत्तर : ताई, सही अजिबात करू नका. पेन्शनचं नंतर बघू, कारण तुमच्या मिस्टरांची नोकरीच जायला नको आणि कायदा त्यांच्या बाजूने आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 20 चं पोटकलम 4. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी आस्थापनेला त्या माणसाला काढता येत नाही, खालच्या पदावरही ढकलता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर, त्याच सवलतींवर दुसरं काम द्यायचं आणि तशी जागा रिकामी नसेल तर अधिसंख्य पद तयार करायचं, म्हणजे जागा नसताना त्याच्यासाठी जागा, योग्य पद मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत. महापालिकेची बससेवा यात येते. अपंगत्व ड्युटीवर आलं की घरी, आजारानं आलं की अपघातानं, असा फरक या कलमात नाही, त्यामुळे "शुगर तुमची, आम्ही काय करणार" असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका.

सुप्रीम कोर्टात अशा केसेस आधीच झाल्यात. कुणाल सिंग नावाचा कॉन्स्टेबल, त्याचाही पाय गँगरीनमुळेच कापला होता, त्याला अनफिट ठरवून घरी पाठवलं, 2003 साली कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला आणि पेन्शन देतोय म्हणून हा हक्क संपत नाही असंही सांगितलं. दुसरी केस तर तुमच्या घरातलीच वाटेल. पंजाब वीज मंडळातले भगवान दास, नोकरीत असताना पूर्ण आंधळे झाले आणि त्यांनी स्वतःच लिहून दिलं की मला निवृत्त करा आणि बायकोला नोकरी द्या. 2008 मध्ये कोर्ट म्हणालं की त्या माणसाला आपला हक्क माहीत नव्हता, तो समजावून सांगणं हे अधिकाऱ्यांचं काम होतं, सोडायला लावणं नव्हे. ते दोन्ही निकाल 1995 च्या जुन्या कायद्यावरचे आहेत पण तीच तरतूद नव्या कायद्यात आलीय. आणि "मुलाचं बघू" हे तोंडी आहे, त्याला कागदावर काहीच किंमत नाही. मला याचा खरंच संताप येतो, माणूस आधीच पाय गमावून बसलाय आणि त्याच्या हातात तयार टाइप केलेला अर्ज द्यायचा.

आता काय करायचं ते सांगते. साध्या कागदावर मराठीत अर्ज लिहा : मला नोकरीत असताना अपंगत्व आलं आहे, ड्रायव्हरचं काम करता येत नाही, 2016 च्या कायद्याच्या कलम 20(4) प्रमाणे त्याच वेतनावर पर्यायी काम द्यावं, काम मिळेपर्यंत पगार चालू ठेवावा. पास विभाग, कंट्रोल केबिन, स्टोअर, कॅश, जे बसून जमेल ते लिहा. दोन प्रती न्या, आवक-जावकला एक द्या आणि दुसरीवर तारखेचा शिक्का आणि सही घेतल्याशिवाय तिथून हलू नका. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावती जपून ठेवा.

मेडिकल बोर्डाच्या सर्टिफिकेटवर बारीक लक्ष ठेवा. "ड्रायव्हर पदासाठी अनफिट" आणि "नोकरीसाठी अनफिट" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, दुसरं लिहून आलं तर तिथल्या तिथे लेखी हरकत घ्या. सिव्हिल हॉस्पिटलमधून दिव्यांग सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो.

दाद नाही दिली तर कायद्याच्या कलम 23 प्रमाणे ऑफिसने नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. पुढे दिव्यांगांच्या राज्य आयुक्तांकडे आणि तरीही नाही झालं तर हायकोर्टात. आणि समजा घाबरून सही करून अर्ज देऊन टाकला असेल तर तो मंजूर व्हायच्या आत लेखी मागे घ्या, आजच.

पेन्शनचं म्हणाल तर पीएफ कापला जात असेल तर ईपीएस-95 मध्ये, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेत, कायमच्या पूर्ण अपंगत्वाची पेन्शन आहे, पण ती नोकरी सुटल्यावरची गोष्ट, आत्ता त्या फॉर्मच्या मागे लागू नका.

प्रश्न : चाकणला कॉन्ट्रॅक्टवर आहे. प्रेस मशीनवर दोन बोटं गेली, ईएसआयचे (कामगार विम्याचे) पैसे चालू आहेत. आता ठेकेदार म्हणतो कामावर येऊ नको. पैसे बंद होतील का?

उत्तर : नाही होणार. अपघात कामावर झाला तर तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतो आणि डॉक्टर जोवर कामासाठी अनफिट म्हणत राहतात तोवर चालतो, नोकरी आहे की गेली यावर तो अवलंबून नाही. ईएसआय डॉक्टरचं सर्टिफिकेट मात्र खंड न पडता घेत राहा. नंतर मेडिकल बोर्डासमोर जायचं, कमाईची क्षमता किती टक्के गेली ते बोर्ड ठरवतं आणि त्या हिशोबाने दर महिन्याला कायमचे पैसे मिळतात, दुसरीकडे काम लागलं तरी. बोर्डासाठी अर्ज स्वतः ब्रँच ऑफिसला द्या, ठेकेदार करेल म्हणून थांबू नका. ठेकेदाराने अपघाताचा रिपोर्ट ईएसआयला दिलाय का तेही तिथेच विचारा आणि त्याची कॉपी मागा, कारण "कामावर झालेली इजा" ही नोंद नसेल तर पुढे बोर्डासमोर अडचण येते. "येऊ नको" हे त्याच्याकडून लेखी घ्या, निदान व्हॉट्सॲपवर तरी, त्यावर कामगार आयुक्तांकडे वेगळी तक्रार करता येते.