तीन मजली वसतिगृहाला किती इंची पाइप टाकावा?

आपल्या संस्थेच्या शंभर मुलींच्या तीन मजली वसतिगृहासाठी प्लंबर सगळीकडे दोन इंची पाइप सुचवतो आणि ठेकेदार सगळीकडे एक इंची, तर कमी खर्चात कोणाचे ऐकावे, असे आपण विचारले आहे. यवतमाळ जिल्ह्यातील वसतिगृहांची व मंगल कार्यालयांची पाइपलाइन आखण्याचे काम मी करतो, आणि माझे मत असे की दोघांचेही पूर्णपणे ऐकू नये. सगळ्या इमारतीला एकच माप लावले की पैसा तरी वाया जातो, नाहीतर पाणी तरी पोहोचत नाही.

वसतिगृहात माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, म्हणजे आपल्याकडे १३,५०० लिटर. हा आकडा टाकीसाठी आहे. पाइपाचे माप ठरते ते ऐन गर्दीच्या मिनिटाला लागणाऱ्या पाण्यावरून. अमेरिकेतील रॉय हंटर यांनी १९४०मध्ये यासाठी मांडलेली पद्धत आजही वापरली जाते. सगळे नळ एकाच वेळी सुरू नसतात, म्हणून नळ दुप्पट झाले तरी प्रवाह दुप्पट धरावा लागत नाही, हे तिचे सूत्र. सदनिकांच्या इमारतीत त्यामुळे बराच खर्च वाचतो. वसतिगृहात मात्र सकाळच्या शाळेआधी सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात, म्हणून न्हाणीघरांपुरते तरी मी सर्व नळ एकदम सुरू आहेत असेच धरतो.

आता खरा प्रश्न वरच्या मजल्याचा. टाकीचा तळ गच्चीपासून दीड मीटर उंच असेल, तर तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला जेमतेम साडेतीन मीटर उंचीच्या पाण्याचा दाब मिळतो. तळमजल्याला तोच जवळजवळ दहा मीटर असतो. समजा वरच्या मजल्यावर सहा नळ मिळून मिनिटाला ६० लिटर पाणी घेत आहेत आणि टाकीपासूनचे अंतर २० मीटर आहे. पाइपाचा आतला व्यास २५ मिमी, म्हणजे सुमारे एक इंच असेल, तर घर्षणातच सुमारे चार मीटर दाब जातो, म्हणजे तेवढे पाणी मिळणारच नाही. ३२ मिमीला हीच घट सव्वा मीटरच्या आसपास येते आणि ४० मिमीला अर्ध्या मीटरहूनही कमी. व्यास थोडा वाढला की घर्षण झपाट्याने उतरते, त्यामुळे एक माप वर जाण्याचा पैसा इथे पुरेपूर वसूल होतो. सीपीव्हीसी या प्लास्टिकचा पाइप नावाला एक इंची असला तरी आतून साडेतेवीस मिमीच्या आसपासच भरतो, हेही खरेदीच्या वेळी पाहावे.

म्हणून टाकीतून निघणारी गच्चीवरची लाइन दोन इंची आणि वरच्या मजल्यासाठी स्वतंत्र दीड इंची उभी लाइन ठेवावी. खालच्या दोन मजल्यांची उभी लाइन वेगळी काढून ती सव्वा इंची घेतली तरी सहसा भागते, कारण तिथे उंची आपल्या बाजूने असते. न्हाणीघरात शिरल्यावर एक इंची, पुढे पाऊण आणि शेवटच्या नळाला अर्धा इंची. आपली बचत इथेच आहे, कारण पाइपाची सर्वाधिक लांबी या फाट्यांमध्येच असते. आपला नकाशा मी पाहिलेला नाही. नळांची संख्या आणि अंतरे मोजून ही मापे एकदा पडताळून घ्यावीत.

दोन इंची लाइन टाकून टाकीच्या तोंडाशी हाताशी असलेला एक इंची व्हॉल्व्ह बसवलेला मी अनेक ठिकाणी पाहतो. थोडे पैसे वाचवण्यासाठी साऱ्या इमारतीचे पाणी त्या एका भोकातून ओढले जाते, आणि दोष मात्र पाइपाला मिळतो. व्हॉल्व्ह लाइनच्याच मापाचा घ्यावा. शिवाय प्रत्येक उभ्या लाइनच्या डोक्यावर टाकीतील पाण्याच्या पातळीहून उंच एअर पाइप काढावा, नाहीतर टाकी रिकामी होऊन पुन्हा भरली की हवा अडकते आणि वरचे नळ फुसफुसत राहतात.

आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असल्याने जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप आतून क्षार साचून अरुंद होत जातो. मी सीपीव्हीसी किंवा यूपीव्हीसी हे प्लास्टिकचेच पाइप घेतो, आणि गच्चीवरचा उघडा पाइप उन्हाने ठिसूळ होऊ नये म्हणून त्याला रंग देऊन घेतो.

बोअरपासून टाकीपर्यंतच्या लाइनचा हिशेब वेगळा आहे. तिथे अरुंद पाइपाचे घर्षण मोटर रोज विजेच्या बिलात मोजते, म्हणून लाइन लांब असेल तर एक माप मोठा पाइप घेणे बहुतेक वेळा स्वस्त पडते.