बुजऱ्या मुलीचं नेतृत्व शिबिरात काय काम?

प्रश्न : मॅडम, मी इचलकरंजीत एस.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय वनस्पतीशास्त्र. बाबा यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती बघतात. या उन्हाळ्यात माझ्यापुढे दोन पर्याय आहेत. आतेभावाने पाचगणीच्या एका रिसॉर्टवरचा पाच दिवसांचा 'यूथ लीडरशिप कॅम्प' सुचवलाय. फी भरपूर आहे, पण भाषण करायला शिकवतात आणि प्रमाणपत्र मिळतं. कॉलेजातली एक ताई म्हणते, सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला जा. मी फार बुजरी आहे. वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. अशा मुलीचं नेतृत्व शिबिरात काय काम? तिथे दिवसभर करतात तरी काय? नोकरीसाठी उपयोग होईल का? बाबा म्हणतात, एवढ्या लांब, तेही मे महिन्यात, कशाला?

उत्तर :

तुझ्या पत्रातलं 'उत्तर येत असूनही' हे मी दोनदा वाचलं. उत्तर तुझ्याकडे आहे, हे तुला माहीत आहे. मग काम बरंच सोपं झालं.

आधी माझं मत सांगते. तू सोमनाथला जा. पाचगणीचा कॅम्प वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण ज्या मुलीला चारचौघांत बोलायची धास्ती वाटते तिला पहिल्याच दिवशी माइकपुढे उभं केलं, तर बहुतेक वेळा ती धास्ती आणखी घट्ट होते. हातात फावडं दिलं आणि शेजारी दहा अनोळखी मुलंमुली असली, की बोलणं आपोआप सुरू होतं. 'घमेलं इकडे दे', 'जरा सरक', 'पाणी कुणाकडे आहे?' एवढ्यापासून. हे मी खूप मुलांच्या बाबतीत पाहिलंय, आणि स्वतःच्या बाबतीतही.

सोमनाथ हे चंद्रपूर जिल्ह्यात, मूल गावाजवळ. बाबा आमटे यांनी वरोऱ्याला कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभं केलं, त्यानंतर १९६७ च्या सुमारास इथल्या माळावर आणि जंगलात कुष्ठमुक्त माणसांनी शेती उभी केली. तरुणांनी श्रमातून शिकावं, असं विद्यापीठ इथे व्हावं ही बाबा आमट्यांची इच्छा होती. त्या कल्पनेतूनच ही छावणी आली. साठच्या दशकाच्या अखेरीपासून ती भरते आहे, साधारणपणे १५ ते २२ मे. १९८५ मध्ये कन्याकुमारीहून तरुणांची 'भारत जोडो' सायकलयात्रा निघाली, तिच्यामागेही या छावणीत घडलेली मुलं होती. महाराष्ट्रातले कितीतरी कार्यकर्ते, शिक्षक, डॉक्टर, पत्रकार आपली सुरुवात सोमनाथपासून सांगतात.

दिवस ढोबळमानाने असा जातो. पहाट व्हायच्या आधी उठायचं. ऊन चढायच्या आत श्रमदान : माती खणणं, बांध घालणं, तळ्यातला गाळ काढणं, जे त्या वर्षी ठरलं असेल ते. दुपारी जेवण आणि थोडी विश्रांती. मग व्याख्यान, गप्पा, प्रश्नोत्तरं. बोलायला येणारी माणसं शेती, पाणी, आरोग्य, आदिवासी भाग, शिक्षण अशा कामांतली असतात, आणि ती जेवायलाही तुमच्याच रांगेत बसतात. संध्याकाळी गटचर्चा, रात्री गाणी, नाटुकली. झोप सतरंजीवर, आणि ती पडल्या पडल्या लागते.

पहिले दोन दिवस कठीण जातील, हे आधीच धरून चल. तळहाताला फोड येतील. चौथ्या तासाला वाटेल, कुठून आले. आजूबाजूला कोण ओळखीचं नसेल आणि सगळे आपल्यापेक्षा हुशार वाटतील. रात्री घरची आठवण येईल. तिसऱ्या दिवशी शरीर सरावतं, आणि बहुतेक चौथ्या दिवशी कुणीतरी तुला नावाने हाक मारतं. बुजऱ्या माणसासाठी ती हाक फार मोठी गोष्ट असते.

आता नेतृत्वाचं. मी तुझ्याच वयाची असताना कॉलेजच्या एनएसएस शिबिराला गेले होते. ओढ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून बंधारा घालायचा होता. खड्ड्यापासून ओढ्यापर्यंत आमची साखळी, घमेली हातोहात पुढे जायची. आमचा गटप्रमुख खणखणीत आवाजाचा, वक्तृत्व स्पर्धांतली बक्षिसं घेतलेला. तो मनापासून ओरडत होता, 'चला, जोर लावा!' तरी साखळी सारखी अडत होती. तासाभराने एका मुलीने, जिचा आवाज आम्ही तोपर्यंत ऐकलाच नव्हता, शेजारणीला हळूच सांगितलं की आपण फार लांब लांब उभे आहोत, प्रत्येकाला दोन पावलं चालावं लागतंय. हातभर अंतरावर उभं राहूया. उरलेल्यांनी रिकामी घमेली परत नेण्याची दुसरी रांग करायची, आणि जो दमेल त्याने त्या रांगेत जायचं. एवढंच. दुपारी व्हायचं काम साडेदहाला झालं. दुसऱ्या दिवसापासून काही अडलं की सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिला कुणी नेमलं नव्हतं.

तू हे घरी रोज बघतेस. तुझे बाबा जॉबर आहेत. चोवीस माग एकदम खडखडत असतात, त्यातला कुठला बिघडायच्या बेतात आहे हे चांगला जॉबर नुसत्या आवाजावरून ओळखतो आणि धागा तुटायच्या आत तिथे पोचतो. त्यासाठी ओरडावं लागत नाही. लक्ष ठेवावं लागतं. शिबिरात हेच लक्ष तुला माणसांवर ठेवायचंय : कोण दमलंय, कोण एकटं बसलंय, कुणाचं म्हणणं चर्चेत राहून गेलं. आणि जे दिसलं ते एका माणसाला तरी सांगायचं. आठ दिवसांसाठी मी तुला एवढंच काम देते. रोज एक गोष्ट, एका माणसाला. शेवटच्या दोन दिवसांत जमलं तर गटचर्चेत एक वाक्य. भाषण नको.

मतभेदही होतील. गटात एखादा स्वतः काही न करता हुकूम सोडणारा असतोच. भांडी घासायच्या पाळीवरून कुरबुर होते. आरक्षण, धर्म, शहर-खेडं यांवरच्या चर्चा तापतात. मराठवाड्यातला मुलगा आणि मुंबईची मुलगी एकाच दुष्काळाबद्दल बोलत असतात, पण दोघांचा दुष्काळ वेगळा असतो. अशा वेळी गप्प बसून ऐकलंस तरी चालेल. पण रात्री वहीत लिही : मला कुणाचं पटलं, का पटलं, माझं आधीचं मत कुठे हललं. ती वही पुढे प्रमाणपत्रापेक्षा जास्त कामाला येते. कशी, ते सांगते.

नोकरीच्या मुलाखतीत हमखास विचारतात, 'गटात काम करताना अडचण आली तेव्हा तुम्ही काय केलंत?' बहुतेक उमेदवार तेव्हा 'टीमवर्क महत्त्वाचं असतं' असं काहीतरी पुटपुटतात. ज्याच्याकडे घमेल्यांच्या साखळीसारखा एक खरा प्रसंग असतो, तारीख-वार, आकडे आणि झालेल्या चुकीसकट, त्याच्याकडे समोरचा मान वर करून बघतो. बायोडेटातही 'नेतृत्वगुण विकसित झाले' असं लिहू नकोस. किती दिवस, किती जणांचा गट, तुझ्याकडे कोणतं काम होतं, ते लिही.

नुसतं प्रमाणपत्रच हवं असेल तर ज्याला खरोखर वजन आहे असं मिळव. एनसीसीचं 'सी' प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असेल, तर पदवीनंतर लष्कराच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीत लेखी परीक्षा न देता एसएसबी मुलाखतीपर्यंत, म्हणजे अधिकारी निवडण्याच्या मुलाखतीपर्यंत, जाता येतं, मुलींनाही. पाच-आठ दिवसांच्या शिबिराच्या कागदाला अशी कुठली दारं उघडता येत नाहीत. मग तो रिसॉर्टवर मिळालेला असो की माळावर. सोमनाथला जाऊन आल्यावर सामाजिक कामाची ओढ वाटली, तर गडचिरोलीच्या शोधग्राममध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ मध्ये सुरू केलेला 'निर्माण' हा तरुणांसाठीचा उपक्रम बघ. तिथे अर्ज आणि मुलाखतीतून निवड होते, आणि शिबिरं एकदाच होऊन थांबत नाहीत, टप्प्याटप्प्याने चालतात. वनस्पतीशास्त्राच्या मुलीला त्या भागातल्या जंगलात बघण्यासारखंही पुष्कळ आहे. मोह, तेंदू, साग, बांबू. पुस्तकातली चित्रं तिथे झाडं होऊन भेटतात.

आता तयारी. आधी विद्यापीठाचं वेळापत्रक तपास. सेमिस्टरच्या परीक्षा मेमध्ये लांबतात, आणि पेपर बुडवून छावणीला जाण्याला माझा ठाम विरोध आहे. पेपर आडवा आला तर पुढच्या वर्षी जा. अर्ज कधी, फी किती, हे त्या वर्षीच्या नोंदणीच्या माहितीत नीट वाच. आजपासून रोज सकाळी तासभर चाल, निघण्याआधीचे दोन आठवडे थोडं उन्हात. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, डोक्याला पंचा किंवा टोपी, बंद बूट, ताट-वाटी-पेला, टॉर्च, डासांचं मलम, ओआरएसची पाकिटं. पाळी त्या आठवड्यात येणार असेल तर पॅड भरपूर ने आणि गटातल्या ताईला पहिल्याच दिवशी सांग. त्या दिवशी हलकं काम मागण्यात कमीपणा नाही. चक्कर, मळमळ किंवा डोकं दुखायला लागलं तर 'आता एवढं संपवूनच बसते' म्हणू नकोस. लगेच सावलीत बस.

पुढचा भाग बाबांना वाचायला दे.

नमस्कार. चंद्रपूर, मे महिना आणि पोरगी एकटी, हे ऐकून तुम्ही 'कशाला?' म्हणालात, ते योग्यच आहे. तिकडे मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. म्हणूनच श्रमदान पहाटे असतं आणि दुपारी कुणाला उन्हात ठेवत नाहीत. तरीही तुम्ही आयोजकांना स्वतः फोन करा आणि विचारा : मुलींची राहायची सोय वेगळी कुठे आहे, रात्री तिथे जबाबदार बाई कोण असते, डॉक्टर किती अंतरावर आहे, घरच्यांनी निरोप कुणाकडे द्यायचा. पाचगणीच्या कॅम्पला पाठवायचं ठरलं तरी हेच चार प्रश्न विचारा. नीट उत्तरं न देणाऱ्या कुठल्याही शिबिराला मुलीला पाठवू नका, मग त्याचं नाव कितीही मोठं असो.

आणखी एक शंका तुमच्या मनात असेल, पण तुम्ही ती बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच बोलते. सोमनाथला कुष्ठरोगातून बरी झालेली माणसं राहतात. आज हा आजार औषधांनी पूर्ण बरा होतो आणि उपचार सुरू झाले की त्याची लागण होत नाही. त्या माणसांनी पिकवलेलं अन्न तुमची मुलगी खाईल, त्यांच्याशी बोलेल. काहींची बोटं झिजलेली दिसतील. त्याच हातांनी त्यांनी तिथली शेती उभी केली, हे तिने जवळून पाहावं असं मला मनापासून वाटतं.

एकटीला पाठवायचं नसेल तर कॉलेजातल्या त्या ताईला विचारा. आपल्या भागातून दरवर्षी कुणी ना कुणी जातं, आणि चार-पाच जण मिळाले की प्रवास सोपा होतो. कोल्हापूरहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस तुम्हाला हातकणंगल्याला पकडता येईल. वर्ध्याला उतरून चंद्रपूर, तिथून एसटीने मूल. घर सोडल्यापासून पोचेपर्यंत दीड दिवस धरा. मेच्या सुट्टीत ही गाडी फार लवकर भरते. परीक्षेची तारीख कळली की त्याच दिवशी तिकीट काढा, जाण्याचं आणि येण्याचं दोन्ही.