पेशीच्या पटलावरचं प्रथिन कोलेस्टेरॉलचं उत्पादन कसं आवरतं?

प्रश्न वाचून गप्प बसवेना. तुम्ही विचारताय त्या प्रथिनाच्या, म्हणजे एलडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण, ज्यांना 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात) पकडणाऱ्या रिसेप्टरच्या, जनुकाची माझी एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे.

सत्ताविसाव्या वर्षी माझं एलडीएल 252 निघालं. वजन 58 किलो! काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, रिपोर्टवरच्या आकड्याखाली पेनाने दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "जिभेवर ताबा नाही. तुझ्या बाबांचंही हेच." बाबा 46व्या वर्षी हार्ट अटॅकने गेले होते. मी इरेला पेटून पाच महिने कडक पथ्य पाळलं. पुन्हा तपासलं, तर 236. काकांचा निष्कर्ष: हा चोरून खातो.

तर रिसेप्टर. तो रक्तातला एलडीएलचा कण पकडून पेशीत नेतो, आत सोडतो आणि पुन्हा पटलावर येतो. एक फेरी साधारण 10 मिनिटांची. आतलं कोलेस्टेरॉल वाढलं की स्कॅप नावाचं प्रथिन एसआरईबीपीला, म्हणजे जनुकं चालू करणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला, केंद्रकाकडे जाऊ देत नाही आणि कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या रिडक्टेज एन्झाइमची निर्मिती मंदावते. म्हणजे रिसेप्टर स्वतः काही बंद करत नाही, तो नुसता हमाल. पुरे झालं की नाही, हे आतले ठरवतात.

ब्राऊन आणि गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात दोन्ही प्रती बिघडलेल्या रुग्णांच्या त्वचेच्या पेशी बशीत वाढवल्या. भोवती एलडीएल असूनही रिडक्टेजचं काम 40 ते 60 पट जोरात! मग त्यांनी कोलेस्टेरॉल अल्कोहोलमध्ये विरघळवून दिलं. ते रिसेप्टरवाचून आत शिरलं आणि रिडक्टेज मुकाट खाली आलं. कारखाना शाबूत होता, दारच नव्हतं. 1985 साली दोघांना नोबेल मिळालं. हे सगळं मी काकांना कागदावर काढून दाखवलं. ते म्हणाले, "बशीतल्या पेशींना जीभ नसते."

स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, हेच रिडक्टेज अडवते. मग पेशीला आत तुटवडा जाणवतो आणि ती पटलावर जास्त रिसेप्टर लावते. माझी एक प्रत धड आहे म्हणून मला गोळी लागू पडली. 'औषधाची सवय लागते' म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही, उठून जातो. घरात कुणी तरुणपणी हृदयविकाराने गेलं असेल आणि तुमचं एलडीएल 190च्या वर असेल, तर आधी सख्ख्या नातेवाइकांच्या तपासण्या करा, पथ्यावरची भाषणं नंतर.

हो, पथ्य निरुपयोगी आहे असं नाही, बहुतेकांचा आकडा माझ्यासारखा जनुकामुळे वाढलेला नसतो. आणि गोळी डॉक्टरांना विचारूनच.

बाबांचे सख्खे भाऊ असूनही काकांनी स्वतःचं रक्त अजून तपासलेलं नाही. माझ्या दोन्ही चुलत भावंडांनी गेल्या वर्षी गुपचूप तपासलं. धाकटीचं 231 आलं. ती शाळेपासून पथ्य पाळते, काकांच्याच देखरेखीखाली.