१९३०-४०च्या दशकांतल्या पुरुषी पोशाखातून आज नेमकं काय उचलावं?

सगळ्यात आधी पँटची उंची: पँट कुल्ह्यांवर नाही, बेंबीच्या आसपास बसली पाहिजे. त्या काळच्या पँटमध्ये जांघेतल्या शिवणीपासून कमरेच्या पट्टीच्या वरच्या काठापर्यंत समोरून साधारण ११ ते १२ इंच अंतर असे. लो-वेस्टमध्ये ते ८-९ इंचच भरतं. म्हणूनच बसताना शर्ट बाहेर येतो आणि पोट पट्टीवरून ओघळतं. शिंप्याला नुसतं ‘हाय-वेस्ट’ सांगू नका, हे माप द्या. सोबत समोर दोन चुण्या मागा, म्हणजे बसल्यावर मांडीपाशी कापड ताणत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे माया, म्हणजे शिवणीच्या आत राखून ठेवलेलं जादा कापड. मागच्या मधल्या शिवणीत वरच्या बाजूला दोन्हीकडे दीड-दीड इंच आणि मोहरीला (पायाच्या खालच्या काठाला) दोन इंच कापड ठेवायला सांगा. कंबर वाढली तर पँट उसवून सैल करता येते. रेडीमेडमध्ये एवढी माया क्वचितच मिळते. (उसवल्यावर आतलं कापड गडद दिसू शकतं, तेवढं चालवून घ्यावं.)

मात्र तेव्हाचं जाड लोकरी कापड मुंबईच्या दमटपणात घेऊ नका. कट जुना, कापड हलकं. आणि रुंद कॉलर, हॅट, सस्पेंडर्स सगळं एकदम घातलंत तर थेट नाटकातलं पात्र दिसाल.